काय धाड भरली होती?

माझी बदली धाडला झाली, तेव्हा सासुरवाडीच्या एका वयोवृद्ध मामांनी फोनवर दबक्या आवाजात विचारलं, "जावईबापू, बँकेत धाड पडली म्हणे?" धाड पडली नाही, मी धाडला आलोय, हे त्यांना समजावता समजावता माझा घसा बसला. सगळं शांतपणे ऐकून घेऊन मामा म्हणाले, "बरं बरं. वकील मात्र चांगला बघा."

तर धाड हे बुलढाणा तालुक्यातलं गाव. थोडं पुढं गेलं की जालना जिल्ह्याचा भोकरदन तालुका लागतो, म्हणजे विदर्भ संपून मराठवाडा सुरू होतो. गावाचा तालुका बुलढाणा, पण विधानसभेला मतदारसंघ चिखली आणि लोकसभेला पुन्हा बुलढाणा. इथं राहायला आल्यावर मी नाव मतदारयादीत घालून घेतलं, रेशनकार्ड केलं, दूधवाला ठरवला. थोडक्यात, गावकरी झालो.

मराठीत 'काय धाड भरली होती?' असा एक प्रश्न आहे. तो उत्तराच्या अपेक्षेनं विचारत नाहीत. समोरच्यानं खाली मान घालावी, एवढीच अपेक्षा असते. २६ एप्रिल २०२४ला लोकसभेचं मतदान झालं. मी त्या दिवशी निवडणुकीच्या कामावर होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी घरी आलो, तेव्हा सौ.नं माझा डावा हात हातात घेतला. लग्नाला अठरा वर्षं झाल्यावर असं घडलं की पुरुषानं सावध व्हावं. तिनं तर्जनी निरखून पाहिली आणि विचारलं, "दिवसभर लोकांच्या बोटांना शाई लावलीत. स्वतःचं मत द्यायला काय धाड भरली होती?"

मी खाली मान घातली. पण बँकेतल्या माणसाची खोड अशी, की एखादी नोंद जुळली नाही तर ती डोक्यात राहते. ही नोंदही राहिली. तिचाच हा जमाखर्च.

आधी माझी बाजू मांडतो. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. आमच्या शाखेत तीन वर्षं वेगवेगळ्या पुस्तकांतून एकच गोष्ट शिकवतात, ती म्हणजे खर्च किती आणि मिळकत किती. मताचा खर्च काय? एप्रिलच्या उन्हात अर्धा-पाऊण तास रांग, पुढच्याच्या घामाचा वास आणि मागच्याचं राजकारण. मिळकत काय? २०२४ साली बुलढाणा लोकसभा मतदारसंघातून प्रतापराव जाधव २९,४७९ मतांनी निवडून आले. मी मत दिलं असतं तर हा फरक २९,४८० झाला असता किंवा २९,४७८. (मतदान गुप्त असतं, त्यामुळं कुठला ते सांगणार नाही.) आणि तिसऱ्याच कुणाला दिलं असतं तर तेवढाही फरक पडला नसता. हे गणित मी निकालाच्या आधीच मांडलं होतं. निकालानं फक्त ताळा करून दिला.

आमच्या शाखेतले कॅशियर या बाबतीत माझे कट्टर विरोधक. त्यांच्याकडं एका मतानं घडलेल्या इतिहासाचा मोठा साठा आहे. दुपारी डबा उघडला की भाजीच्या आधी तो बाहेर येतो. "१७ एप्रिल १९९९. वाजपेयींचं सरकार. २६९ विरुद्ध २७०. एका मतानं गेलं!" पोळीचा तुकडा मोडत ते म्हणतात. मग २००४ सालचं कर्नाटकातलं संथेमरहळ्ळी येतं. तिथं विधानसभेचा उमेदवार एका मतानं पडला. मग २००८ सालचं राजस्थानातलं नाथद्वारा. सी. पी. जोशी तिथं एका मतानं हरले, आणि मुख्यमंत्रिपदासाठी ज्यांचं नाव घेतलं जात होतं ते आमदारही झाले नाहीत.

मी म्हणायचो, "कॅशियरसाहेब, वाजपेयींचं सरकार पाडायला खासदाराचं मत लागतं, लिपिकाचं नाही. उरले तुमचे दोन दाखले. आजवर या देशात हजारो मतदारसंघांत निवडणुका झाल्या, त्यातले हे दोन. लॉटरीवालासुद्धा लागलेल्याच तिकिटाचा फोटो लावतो. लोकसभेत तर एका मतावर आजवर एकही जागा सुटलेली नाही. सगळ्यात थोडक्यात सुटलेला निकाल ९ मतांचा, १९८९ साली अनकापल्लीला आणि १९९८ साली राजमहलला." पुढं ४ जूनला मुंबई उत्तर-पश्चिममध्ये रवींद्र वायकर ४८ मतांनी निवडून आले, तेव्हा कॅशियर वर्तमानपत्र घेऊन धावत माझ्या टेबलाशी आले. मी म्हटलं, "तिथंसुद्धा माझ्यासारखे एकोणपन्नास लागले असते. मी एकटा काय करणार?"

मग त्यांचं शेवटचं शस्त्र निघायचं. "सगळ्यांनीच असं म्हटलं तर?"

"सगळे ज्या दिवशी असं म्हणतील, त्या दिवशी मी चप्पल न घालता धावत जाईन. एकट्याच्या मतावर खासदार निवडायची संधी कोण सोडील?"

यावर कॅशियर काही न बोलता नोटा मोजायला लागत. मला वादात जिंकल्याचा आनंद होई. आता वाटतं, त्यांना फक्त माझा कंटाळा आला असावा.

या माझ्या पक्क्या बांधकामाला पहिला तडा गेला तो माझ्याच घरात. मुलगी सातवीत आहे. तिला शाळेतून 'युरोपातील छोटे देश' असा प्रकल्प मिळाला होता. शाळा मुलांना प्रकल्प देते आणि तो आईबापांनी पुरा करायचा असतो, हे आता घटनेत लिहिलं नाही एवढंच. तिच्या वाट्याला लिक्टेनस्टाइन आला. तोवर हे नाव मला कुणी सांगितलं असतं, तर जेवणाआधी घ्यायचं की जेवणानंतर, असं मी विचारलं असतं.

स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियाच्या मधोमध, वहीत पिंपळपान ठेवावं तसा ठेवलेला हा देश. क्षेत्रफळ १६० चौरस किलोमीटर, वस्ती चाळीस हजारांच्या आसपास. पण त्यांना स्वतःचा राजा आहे आणि २५ सभासदांची संसदही आहे. २०२१ सालच्या फेब्रुवारीत तिथं संसदेची निवडणूक झाली. पहिल्या दोन पक्षांना प्रत्येकी दहा जागा मिळाल्या आणि साऱ्या देशात मिळून दोघांच्या मतांतला फरक निघाला ४२. त्यातही गंमत अशी, की तिथं जेवढ्या जागा तेवढी मतं प्रत्येक मतदाराला असतात, एका भागात पंधरा आणि दुसऱ्यात दहा. म्हणजे हा फरक खरं तर तीन-चार माणसांचा. एका रिक्षात मावतील एवढ्यांचा!

मी हरखून म्हणालो, "वा! अशा देशात मत द्यायला मजा आहे."

मुलीनं पट्टीनं नकाशाची चौकट आखता आखता विचारलं, "म्हणजे बाबा, देश छोटा असला तर मत द्यायचं असतं आणि मोठा असला तर नाही?"

पोरांच्या प्रश्नाला टोक नसतं म्हणून तो आरपार जातो. कर्तव्य म्हणजे काय शेजाऱ्यांच्या संख्येवर ठरतं? गावात दहाच घरं असतील तर चोरी करू नये आणि लाख असतील तर चालेल, असं काही आहे का? एवढ्या गर्दीत एका घराची चोरी ध्यानात येत नाही, असा युक्तिवाद चोरानं केला तर मी तो ऐकून घेईन का? मी मुलीला म्हटलं, "चौकट सरळ आख."

तिनं पुढचं वाचलं. या देशात बायकांना देशपातळीवर मताचा हक्क मिळाला १९८४ साली. त्याआधी १९७१ आणि १९७३ साली दोनदा पुरुषांना विचारलं होतं, की बायकांना मत द्यायचं का. दोन्ही वेळा पुरुषांनी नको म्हणून सांगितलं. तिसऱ्यांदा जेमतेम ५१ टक्के हो म्हणाले. जिथं एकेक मत मणभर वजनाचं होतं, तिथंच अर्ध्या घराच्या हाती ते नव्हतं.

"आणि आपल्याकडं?" मुलीनं विचारलं.

आपल्याकडं १९५१-५२च्या पहिल्याच निवडणुकीत. तेव्हा बुलढाणा जिल्हा मध्य प्रदेशात होता, पण मत होतं. म्हणजे धाडच्या शिवारात निंदणी करणाऱ्या बाईला हक्क मिळाल्यावर आल्प्सच्या पायथ्याशी राहणाऱ्या बाईला अजून बत्तीस वर्षं थांबायचं होतं. अर्थात इथंही सगळ्याच बायकांना तो मिळाला नाही. यादी करायला माणसं दारात आली, तेव्हा कित्येकींनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच सांगितलं. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन. अशी नावं यादीत चालणार नाहीत, असं ठरलं आणि देशभरातल्या सुमारे २८ लाख बायका यादीतून गळल्या. मत पाहिजे तर आधी स्वतःचं नाव पाहिजे.

प्रकल्पाला 'उत्तम' शेरा मिळाला. मी तो विषय तिथंच सोडला. विषयानं मला सोडलं नाही.

मग निवडणुकीच्या कामाचा आदेश आला. बँकेच्या माणसाला हा आदेश येतोच. मला पद मिळालं 'मतदान अधिकारी क्रमांक २'. नोकरीत बावीस वर्षं काढूनही मला कुणी अधिकारी म्हटलं नव्हतं, ते निवडणुकीनं म्हटलं. नेमणूक मेहकरकडच्या एका गावात. आपलं गाव सोडून काम करणाऱ्यांसाठी नमुना १२-अ म्हणून एक अर्ज असतो. तो भरला की कामाचं प्रमाणपत्र मिळतं आणि लोकसभेचा मतदारसंघ तोच असेल तर जिथं काम करतो तिथंच मत देता येतं. प्रशिक्षणाच्या दिवशी सभागृहाच्या एका टोकाला या अर्जाचं टेबल होतं आणि दुसऱ्या टोकाला चहाचं. दोन्हीकडं रांग होती. मी खर्च आणि मिळकत यांचा विचार केला आणि चहाच्या रांगेत उभा राहिलो.

ही तीच व्यक्ती, जी रोज काउंटरवर सांगते, "आजोबा, इथं सही राहिली. उद्या या."

मतदानाच्या दिवशी पहाटे साडेपाचला उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर यंत्राची चाचणी झाली आणि सातला दार उघडलं. माझं काम नोंदवहीत नंबर लिहायचा, सही किंवा अंगठा घ्यायचा आणि डाव्या तर्जनीवर म्हैसूरहून आलेली शाई लावायची. दुपारपर्यंत मी शेकडो बोटं पाहिली. कापूस वेचून चिरलेली, विडी ओढून पिवळी पडलेली, अंगठ्यांनी जड झालेली, नुकत्याच लागलेल्या मेंदीची. बँकेत मला माणूस दिसत नाही, त्याची शिल्लक दिसते. शिल्लक बघूनच आमचे आवाज ठरतात. पाच आकड्यांना "बसा", सहा आकड्यांना "चहा घेणार?", आणि तीन आकड्यांना "तिकडं रांगेत." इथं मात्र गाडीची किल्ली फिरवत आलेला माणूस रोजंदारीवाल्या बाईच्या मागं उभा होता आणि दोघांच्याही खात्यावर शिल्लक एकच, एक मत. असं काउंटर मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

तीनच्या सुमारास एक म्हातारी सुनेचा हात धरून आली. माझ्या शेजारच्या अधिकाऱ्यानं घाईत विचारलं, "कुणाच्या घरातल्या?" म्हातारीनं मुलाचं नाव सांगितलं नाही, नवऱ्याचंही नाही. आधी स्वतःचं नाव, मग बाकीचं, असं ठणठणीत आवाजात सगळं सांगितलं. मी सवयीनं शाईचा पॅड पुढं केला. तिनं तो बाजूला सारला. "सही येते मले." मग पेन मुठीत धरून तिनं एकेक अक्षर काढलं. दोन मिनिटं लागली. रांग थांबली, पण कुणी काही बोललं नाही.

मी तिच्या बोटाला शाई लावत होतो, तेव्हा ती माझ्या बोटाकडं बघत होती. "सायेब, तुमचं झालं का?"

"काय, आजी?"

"मत."

सकाळपासून शाईत काम करत होतो. दोन बोटं निळी झाली होती, पण उजव्या हाताची. डावी तर्जनी स्वच्छ. मी म्हणालो, "आमचं पोष्टानं असतं, आजी."

"बरं हाय बाप्पा. पोष्टानं तं पोष्टानं. ऱ्हायलं नाई पाह्यजे," ती म्हणाली आणि यंत्राकडं गेली.

मी नोकरीत खोटं बोललेलो नाही असं नाही. 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' हे तर आम्हाला पाठच असतं. पण ते खोटं बोलताना कान गरम होत नाहीत. या वेळी झाले. एका मतानं काही होत नाही, हे माझं तत्त्वज्ञान इतकं खरं होतं, तर ते मी त्या बाईला सरळ का सांगितलं नाही? कॅशियरला रोज सांगत होतो. सगळे दाखले तोंडपाठ होते. मग तिच्यासमोरच पोस्टाच्या आड का लपलो?

सहा वाजता मतदान संपलं. यंत्र बंद करण्याआधी ताळा घ्यायचा असतो. नोंदवहीत आकडा आला ६१२. यंत्र दाखवत होतं ६११.

आमचे केंद्राध्यक्ष शाळेतले गुरुजी. त्यांच्या कपाळावर घाम आला. माझ्या मात्र अंगात एकदम हुशारी आली, कारण हे दुःख माझ्या ओळखीचं होतं. संध्याकाळी एक रुपया कमी भरला की सगळी शाखा बसते. मी नोंदवही पहिल्या पानापासून तपासायला घेतली. यंत्रात लाखभर मतांचा मतदारसंघ नव्हता की कोण जिंकतंय हेही दिसत नव्हतं. एका खेड्यातल्या एका खोलीत एक मत जुळत नव्हतं, आणि त्यासाठी पाच माणसं, एक पोलीस आणि बाहेर उभी असलेली गाडी थांबली होती. त्या तासात एका मतानं काय होतंय, असं कुणीही म्हणालं नाही. मीही नाही.

शेवटी सापडलं. दुपारी बाराला एक गृहस्थ आले होते. सही केली, शाई लावून घेतली आणि यंत्रापाशी जाऊन परत फिरले. म्हणाले, "यातलं कुणीच नको." गुरुजी म्हणाले, "मग २०१३पासून 'वरीलपैकी कोणीही नाही' असंही बटण असतं, ते दाबा." ते म्हणाले, "नको. नाही असं सांगायचीही इच्छा नाही." नियमाप्रमाणं गुरुजींनी नोंदवहीत तसा शेरा लिहून त्यांची सही घेतली होती. बेरीज करताना ते वजा करायचं मी विसरलो होतो. ६१२ वजा १, ६११. गुरुजींनी कपाळ पुसलं, यंत्राला मोहोर लावली आणि म्हणाले, "जुळलं बुवा."

जुळलं खरं. गाडीत बसल्यावर अंधारात मी तोच विचार करत होतो. ज्यानं मत नाकारलं, त्याचीसुद्धा तिथं सही होती. तो आला, उभा राहिला, नाही म्हणाला आणि हिशेबात त्याला एक ओळ मिळाली. म्हातारीला मिळाली, गाडीवाल्याला मिळाली. दिवसभर ती वही लिहिणाऱ्याला मात्र त्यात ओळ नव्हती. माझ्याशिवाय हिशेब तंतोतंत जुळला होता, आणि ती गोष्ट मला लागली.

आता थोडं बँकेचं सांगतो. दोन वर्षं ज्या खात्यावर खातेदारानं काहीच व्यवहार केला नाही, ते खातं निष्क्रिय होतं. पैसे कुणी चोरत नाही. व्याजही पडत असतं. पण खातेदार एखाद्या दिवशी पैसे काढायला आला, की त्याला आधी आपण आपणच आहोत हे कागद देऊन सिद्ध करावं लागतं. दहा वर्षं झाली की ती रक्कम रिझर्व्ह बँकेकडच्या निधीत जमा होते. मग तिथून सोडवून आणायची. अशा लोकांना आम्हीच सल्ला देतो, "अधूनमधून एखादा रुपया भरत जा हो." त्या रुपयानं कुणी श्रीमंत होत नाही. बँकेच्या ताळेबंदात तो कुठं दिसतही नाही. पण खातं जिवंत राहतं.

माझी चूक गणितात नव्हतीच. मी मताला किंमत समजत होतो. मत देऊन निकाल विकत घ्यायचा आणि तो परवडत नाही म्हणून दुकानातच जायचं नाही. मत हा तो एक रुपया आहे. त्यानं खासदार ठरो न ठरो, हे खातं माझं आहे आणि मी अजून जिवंत आहे, एवढी नोंद होते. पुढं पाच वर्षं रस्त्याच्या खड्ड्यांवर, विजेवर, सोयाबीनच्या भावावर कुरकुर करायची तर खातं चालू पाहिजे.

२० नोव्हेंबर २०२४ला विधानसभेची निवडणूक आली. पुन्हा आदेश, पुन्हा मतदान अधिकारी क्रमांक २. विधानसभेला बाहेरच्या मतदारसंघात ते प्रमाणपत्र चालत नाही, टपाली मतपत्रिकाच लागते. मी अर्जाच्या रांगेत सगळ्यांच्या आधी उभा राहिलो. टेबलामागच्या मुलीनं अर्ज वरपासून खालपर्यंत पाहिला आणि परत दिला. "सर, इथं सही राहिली." मग माझं ओळखपत्र बघून म्हणाली, "बँकेत असता ना?"

सही केली. मतपत्रिका मिळाली. खूण करून, पाकिटात घालून, ते पाकीट दुसऱ्या पाकिटात घालून पेटीत टाकलं. टपाली मताला शाई नाही. लिक्टेनस्टाइनमध्येही बहुतेक लोक टपालानंच मत देतात, म्हणजे तिथंही सगळी बोटं कोरीच असणार. मतदानाच्या दिवशी एका पोरानं विचारलं, "सर, तुमचं झालं?" मी म्हणालो, "आमचं पोष्टानं असतं." वाक्य तेच, बोटही तेवढंच कोरं. कान मात्र गरम झाले नाहीत.

घरी आलो. सौ.नं हात हातात घेतला, तर्जनी पाहिली आणि माझ्याकडं पाहिलं. "या वेळी काय धाड भरली?"

"दिलं. पोष्टानं."

"पावती?"

गुप्त मतदानाची पावती मिळत नाही, हे मी तिला अजून समजावतो आहे. तिचा विश्वास बसलेला नाही. माझं खातं मात्र चालू आहे.